सोळा बाय वीस

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या बायडाबाई गेल्या आणि त्यांच्या मुलांनी चौकात श्रद्धांजलीचा डिजिटल फलक लावला. आधार कार्डावरचा फोटो ओढून ओढून दहा फुटांचा केला होता. जन्मभर हसतमुख असलेली बाई त्यात पोलिसांनी नुकतीच धरून आणल्यासारखी दिसत होती. त्याच दिवशी मी ठरवलं, माझा फोटो मी जिवंतपणीच निवडून, मढवून ठेवायचा.

आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, ह्यांचा फोटो आहे, सोळा बाय वीस इंचांचा. फोटोग्राफरनं लाकडी पेटीमागे, काळ्या फडक्यात डोकं घालून काढलेला. मिशांचा केस न् केस दिसतो. शेजारी एक खिळा मोकळा आहे. तो कुणासाठी, हे घरात कुणी बोलत नाही. पण कॅलेंडर लावायलाही तो कुणी वापरत नाही. नवराबायकोचे फोटो एका मापाचे हवेत, अशी आमच्याकडे रीत.

माझा मनासारखा फोटो एकच. कबनूरच्या लग्नातला, तीसेक माणसांच्या घोळक्यात मी कशाला तरी हसते आहे तो. सून मोना मला घेऊन प्रभुलिंगच्या स्टुडिओत गेली. प्रभुलिंग मूळचा गडहिंग्लजचा. त्यानं कॉम्प्युटरवर घोळक्यातून मला तेवढं कापून काढलं आणि मान हलवली.

"आक्का, तुमी ह्यात सहाशे बाय साडेसातशे ठिपक्यांच्या निघालासा. इंचाला दीडशे ठिपके धरले तर चार बाय पाच चांगला येतोय. सोळा बाय वीसला फाटतोय."

"मग जाड कागद घाल की."

मोना तोंडाला रुमाल लावून हसली. "आई, कागद नाही. चेहरा फाटतो."

"माझं तोंड फाटकंच हाय. गल्लीत कुणालाबी इचार."

त्यानं मोठं करून दाखवलं. गालावर शहाबादी फरशी बसवल्यासारखे चौकोन, आणि डोळा कुठला ते मलाच शोधावं लागलं.

"मूळ फोटो मिळतोय काय बघा," तो म्हणाला. "ह्यो व्हॉट्सॲपच्या चाळणीतनं आलाय. निम्मे ठिपके चाळणीतच ऱ्हायलेत."

मूळ फोटो नवरदेवाच्या मित्राच्या फोनमध्ये होता, आणि तो फोन नृसिंहवाडीच्या घाटावर पाण्यात पडला होता. म्हणजे मी आधीच दत्ताच्या पायाशी पोचले होते.

मग प्रभुलिंग म्हणाला, कॉम्प्युटर आपल्या मनानं नवे ठिपके भरतो. भरले त्यानं. सुरकुत्या गेल्या, दात बत्तीस झाले, नाक सरळ झालं.

"आई, किती गोड दिसताय," मोना म्हणाली.

"गोड हाय की. पण कोण हाय?"

मोना पडद्याजवळ वाकून बघू लागली.

"ह्यांच्या शेजारी परकी बाई टांगून मी मरू व्हय?" मी म्हणाले. "त्यापरीस ह्यांनाच चार बाय पाच कर."

"मालकांना?" प्रभुलिंगनं माउसवरचा हात काढला. मोनानं लगेच विजयसिंहाला, माझ्या मुलाला, फोन लावला.

"आई, पावणं काय म्हणतील?" तो फोनवर ओरडला. "बापाला पोस्टकार्ड केलं म्हणतील."

"म्हणू देत. पोस्टकार्ड जवळ घेऊन वाचत्यात लोक." मी प्रभुलिंगकडे वळले. "मोठ्याचं ल्हान करताना फाटत न्हाय न्हवं?"

"न्हाय आक्का. उलट झकास येतोय."

"मग घे करायला."

आता सोप्यात आम्ही दोघं चार बाय पाच आहोत. लहान झाल्यावर ह्यांच्या चेहऱ्यावरचा दरारा कुठं गेला कळत नाही. चहा झाला का विचारायला वाकल्यासारखे दिसतात. आमच्या लग्नानंतर पहिली काही वर्षं ते तसेच विचारायचे, सासूबाईंची पाठ फिरली की. त्या मोठ्या फोटोत मला ते कधी सापडले नव्हते.

वडिलांचा मान कमी होऊ नये म्हणून मोठा फोटो विजयसिंहानं आपल्या खोलीत, पलंगासमोर लावला.

काल मोना माझ्यापाशी येऊन हळूच विचारत होती, मामंजींचा तो लहान फोटो आणखी एक काढून मिळेल का, त्या दोघांच्या खोलीसाठी. एवढ्या मोठ्या नजरेसमोर तिला झोप लागत नाही म्हणे.