दोन डोकी, एक ताट

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मला डोकी दोन आहेत. घाबरू नका. माझ्या मदरबोर्डवर शेजारी शेजारी दोन प्रोसेसर बसतात आणि दोघं मिळून गणितं करतात. तरुणपणी मी एका कार्यालयात राबलो. तिथे नवी यंत्रं आली आणि माझे भाग सुटे होऊन भंगारात गेले.

तिथून एका संशोधक बाईंनी मला उचललं. तान्ह्या बाळांच्या हृदयाच्या झडपेतून रक्त कसं वाहतं, याचं गणित त्या मांडत होत्या. बाळंतपणाची रजा संपायच्या आत ते पुरं झालं नाही, तर संशोधनातली त्यांची जागा दुसऱ्याला जाणार होती. नवा तगडा संगणक परवडणारा नव्हता. मग पेटी एकीकडची, पंखे दुसरीकडचे, असं करत बाळाचा डोळा लागला की त्या मला जोडत. एक स्क्रू तर बाळ उठल्यावर त्याच्या मुठीतून सोडवून घ्यावा लागला.

बाईंचे धाकटे दीर माझं धूड बघून हरखले; पण यावर गेम धड चालणार नाहीत हे कळल्यावर चेहरा पडला.

"वहिनी, मग हा हत्ती पोसायचा कशाला?"

"राबायला, भावोजी. खेळायला तुम्ही आहातच."

पण मी राबेना. काम मुंगीच्या पावलांनी सरकायचं. दीर म्हणाले, भंगार ते भंगारच. रजा सरत आली, तेव्हा मला सुटा करून विकायचं त्यांनी ठरवलं.

त्या दुपारी त्यांनी माझं झाकण काढलं, प्रोसेसरना आकडे पुरवणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या उपसण्यासाठी मोठा पंखा बाजूला केला आणि त्या थबकल्या. पंख्याआड, दुसऱ्या प्रोसेसरजवळच्या खाचा रिकाम्या होत्या. साऱ्या पट्ट्या पहिल्याच्या बाजूला. दुसरा बिचारा प्रत्येक घासाला शेजाऱ्यापुढे हात पसरत होता.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "मी एकालाच वाढत बसले की."

निम्म्या पट्ट्या त्यांनी पलीकडे बसवल्या. मग मी असा सुटलो, की खोली तापली आणि दिरांनी न सांगता खिडकी उघडली. रजेचे थोडे दिवस उरले असताना उत्तर पडद्यावर आलं. बाई बाळाला उराशी धरून कितीतरी वेळ माझ्यापुढे नुसत्या उभ्या होत्या. जागा त्यांचीच राहिली.

आता त्या रोज कामावर जातात. तिथे माझ्याहून मोठी यंत्रं आहेत. माझ्या जाळीवर धूळ साचते. दीर कधीमधी फुंकर मारतात. तक्रार नाही. एवढंच सांगणं आहे, मित्रांनो: कुणी मागे पडू लागला, तर त्याला टाकाऊ ठरवण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा. त्याच्या वाट्याचं त्याला मिळतंय ना?