काकांचं खाकरणं

गाण्यांच्या कंपनीत प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-आकड्यांचा कोड देणाऱ्या बाईला सगळे आकडेताई म्हणत. बावीस वर्षांत तिची एकही चूक नव्हती. मग तिच्या आत्यानं तरुणपणीचं गाणं साठीनंतर पुन्हा गायलं, आणि ‘गाणं तेच, गळाही तोच’ म्हणून ताईनं त्याला जुनाच कोड लावून टाकला.

गाणं बाहेर पडलं त्या दिवशी आत्यानं मोठ्या हौसेनं फोनवर ते लावलं. कोडानं इमानेइतबारे जुनंच रेकॉर्डिंग हजर केलं. पेटी वाजायच्या आधी ती वाजवणारे काका, म्हणजे आत्याचे यजमान, खाकरले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. “चुकले गं आत्या. कोड गाण्याला नसतो, त्या त्या रेकॉर्डिंगला असतो. नव्याला वेगळा देते.”

आत्या डोळे विस्फारून फोनकडे बघत होती. “म्हणजे हा नंबर यांच्या खाकरण्याचाही? जगात कुठेही मागितला तरी हेच येणार?”

“हेच. आता त्याला दुसरं काही लावणार नाही, कानाला खडा.”

“जन्मभर ओरडले यांच्यावर, आधी खाकरून मग पेटीवर बसा म्हणून,” आत्या हळूच म्हणाली. “बरं झालं बाई, माझं ऐकलं नाही.”