टपाचे चार इंच

कुरोदा-सानांनी आपला ट्रक यतीनला दिला तेव्हा त्यात ट्रक म्हणावं असं फारसं उरलंच नव्हतं. एक चासी, तिच्यावर गंजलेली केबिन आणि केबिनमध्ये मांजरीने कधीकाळी पिल्लं घातल्याच्या खुणा. इंजिन केव्हाच गेलेलं, मागचा हौदा कुजून पडलेला. योकोहामाच्या दक्षिणेला जिथे घरं विरळ होतात आणि भाजीचे मळे लागतात, तिथे त्यांच्या शेडमध्ये ते धूड कित्येक वर्षं उभं होतं.

"न्या खुशाल," म्हातारे म्हणाले. "फक्त चालू झाला की मला एकदा यातून समुद्राच्या रस्त्याने मिउराला न्या. या केबिनमधून तो रस्ता मी आयुष्यभर पाहिला. अजून एकदा पाहायचाय."

यतीनला जपानी बेताचं येत होतं, पण एवढं कळलं. त्याने छातीवर हात ठेवून शब्द दिला.

यतीन मूळचा पुण्याचा. ऑफिसात दिवसभर इंग्रजी, घरी मराठी, त्यामुळे तीन वर्षं राहूनही त्याचं जपानी स्टेशन आणि दुकानापुरतंच राहिलं होतं. त्याची बायको कस्तुरी पाळणाघरात नोकरी करायची. तिचं मात्र पोरांच्या आणि त्यांच्या आज्यांच्या संगतीत पक्कं झालेलं. यतीनच्या डोक्यात कॉलेजपासून एकच वेड होतं. जुन्या ट्रकची केबिन घ्यायची, चासी जमिनीला टेकेल इतकी खाली आणायची, टप कापून बुटका करायचा आणि आत दांडगं इंजिन बसवायचं.

"याला हॉट रॉड म्हणतात," त्याने कस्तुरीला फोटो दाखवले.

"चेपलेला ट्रक म्हण की सरळ."

"अगं, तोच तर रुबाब आहे!"

"पैलवानाला गोधडीखाली दाबल्यासारखा दिसतोय."

काम कुरोदा-सानांच्याच शेडमध्ये सुरू झालं. जोडीला ऑफिसातला अवधूत. त्याच्या वडिलांचा सांगलीला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायचा कारखाना, म्हणून वेल्डिंग त्याच्या हातात बसलेलं. दर रविवारी दोघं चासीला भिडत. गंज घासला, चिरलेल्या जागी आतून पट्ट्या मारल्या, मोडीत निघालेल्या गाडीचं इंजिन आणून बसवलं. म्हातारे उलट्या क्रेटवर बसून बघायचे. मधूनच उठून केबिनचं दार उघडायचे, लावायचे. दार लागल्याचा आवाज ऐकून खूश व्हायचे.

"अवध्या, आजोबांना दार लावायला ठेवू या पगारावर," यतीन म्हणायचा, आणि काय बोलले ते न कळताही म्हातारे हसायचे.

मग टपाची पाळी आली. यतीनने कागदावर चित्र काढून दाखवलं. काचेच्या चौकटीतून चार इंच पट्टी काढायची आणि टप खाली आणून जोडायचा. चालेल ना?

कुरोदा-सान बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. त्यांनी दातांतून हवा आत ओढली, मान कलती केली आणि म्हणाले, "मुझुकाशी देसु ने."

हा शब्द यतीनला येत होता. मुझुकाशी म्हणजे कठीण.

"कठीण आहे खरं," तो हसून म्हणाला, "पण आम्ही करू!"

पुढच्या रविवारी त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. या वेळी म्हाताऱ्यांनी उठून टपावर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"पत्र्याची जाडी बघतायत," अवधूत कुजबुजला. "आपल्या वेल्डिंगवर भरवसा नाही दिसत."

"मग दाखवू की त्यांना," यतीन म्हणाला.

त्यानंतरचे काही दिवस म्हातारे सर्दीने घरातच होते. दोघांनी रजा टाकली आणि टप उतरवला. काम खरोखर नजर लागावी असं झालं. सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळेना. काढलेल्या पट्ट्या त्याच आठवड्यात भंगारवाला घेऊन गेला.

कुरोदा-सान आले, शेडच्या दारातच थांबले. केबिनभोवती एक फेरी मारली. वाकून म्हणाले, "फार सुबक काम. खूप मेहनत घेतलीत." या वेळी त्यांनी दार काही उघडलं नाही.

यतीन घरी आला तो तरंगतच. "म्हातारा गार पडला! आधी दोनदा म्हणाला होता, मुझुकाशी, मुझुकाशी. आता म्हणतो सुबक!"

कस्तुरी भाकरी थापत होती, ती थांबली. "काय म्हणाले होते?"

"मुझुकाशी. म्हणजे कठीण."

"दातांतून हवा ओढून?"

"हो. का?"

"अरे, मग ते नाही म्हणत होते." तिने पिठाचे हात तसेच परातीत ठेवले. "लग्नाआधी तू माझ्या आईला विचारलंस, मी कस्तुरीला गोव्याला नेऊ का, आणि ती म्हणाली 'बघू', तर त्याचा अर्थ काय?"

"नाही."

"तसंच हे. तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून कठीण म्हणायचं. दोनदा नाही म्हणाले ते, आणि तू त्यांना सांगितलंस, आम्ही करू."

यतीन खाली बसला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी कुणी उठेना.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको कुरोदा-सानांसमोर जाऊन वाकून उभे राहिले. कस्तुरीने नीट शब्दांत माफी मागितली. यतीन म्हणाला, मी तसाच पत्रा शोधतो, टप पुन्हा चढवतो. म्हातारे हात हलवत राहिले. "छे छे. दिला तेव्हाच तो तुमचा झाला. मला फक्त फेरी मारून आणा, म्हणजे झालं."

तपासण्या होऊन ट्रक रस्त्यावर यायला डिसेंबर उजाडला. कुरोदा-सान इस्त्रीचं जाकीट घालून आले. त्यांचा खुब्याचा सांधा पूर्वीच ऑपरेशन करून बदललेला, त्यामुळे यतीनने खाली घेतलेल्या सीटवर त्यांना बसवेना. उशा घालून सीट उंच केली, तेव्हा डोकं टपाला लागलं. त्यांनी मान खाली घातली. "जमलं," ते म्हणाले.

ट्रक निघाला. रस्त्यावरचे लोक फोन उंचावून फोटो काढत होते. समुद्र लागला, तो म्हाताऱ्यांच्या बाजूला. हनुवटी छातीला टेकवून ते स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसले होते. दोनदा त्यांनी मान वळवून पाहिली, पण काचेच्या फटीतून रस्त्याची कड तेवढी दिसत असावी.

"कुरोदा-सान, थांबवू का? खाली उतरून बघू या."

"नको. यातूनच जाऊ." थोड्या वेळाने त्यांनी मान न उचलता विचारलं, "किनाऱ्यावर लोणच्याचे मुळे वाळत घातलेत का?"

यतीनने पाहिलं. वाळूवर बांबूंच्या आडव्या काठ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर पांढऱ्या मुळ्यांच्या रांगा टांगल्या होत्या, नजर पोचेल तिथपर्यंत.

"घातलेत."

"पाला वर आहे की खाली?"

"वर."

"आणि पाणी?"

पाण्याच्या त्या रंगाला जपानीत काय म्हणतात ते यतीनला येत नव्हतं. "निळं," तो म्हणाला. मग तेवढ्याने भागेना, म्हणून म्हणाला, "खूप निळं."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली, तसा टपाचा पत्रा त्यांच्या टाळूला घासला. यतीनने वेग अजून कमी केला आणि येतील त्या शब्दांत, चुकत चुकत, तो त्यांना रस्ता सांगू लागला.