देव्हाऱ्यापुढचं कासव

आमच्या सुनंदाची एक खोड मला ती घरात आल्या दिवसापासून खुपते. ती बघत राहते. सुनेनं तव्याकडे बघावं, चुलीकडे बघावं. ही भाकर थापता थापता देव्हाऱ्याकडे बघते. त्या दिवशी तर हद्द झाली. मी आरतीचं ताट घेऊन आले तर हिनं कासव उचलून उलटं धरलेलं, आणि बोटानं त्याचं पोट दाबून बघतेय.

“काय करी ऱ्हायनी व तू?”

“आत्याबाई, याचं पोट मऊ लागतंय. दाबलं की दबतं. चार दिवस झाले, कशाला तोंडसुद्धा लावलं नाही.”

“कासव शे ते. शंभर वरीस जगस. त्याले काय धाड भरनी?”

तिनं ते गुमान परातीत ठेवलं. पण बघणं काही सोडलं नाही.

कासव नानांचं. नाना म्हणजे माझे मालक. साक्रीकडच्या डोंगरातून त्यांनी ते टोपलीत घालून आणलं होतं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. अकरा वर्षं ते अंगणात निवडुंगाशी राहिलं. काय खायचं, कुठं निजायचं, मी कधी विचारलं नाही. एकोणनव्वदच्या थंडीत नाना गेले. पुढच्या आषाढी एकादशीला मीच ते उचलून आत आणलं. देवळात गाभाऱ्यापुढे दगडाचं कासव असतं, आमच्या देव्हाऱ्यापुढे जितं. पितळी परात, दोन बोटं पाणी, सकाळ-संध्याकाळ दूधभात. एकादशीला पाठीला खोबरेल. गल्लीतल्या बाया हळदकुंकू वाहायला येऊ लागल्या. शेजारची यशोदाबाई लेकीच्या सोयरिकीला निघण्याआधी त्याच्या पाया पडून गेली आणि सोयरीक जमली. माझा मान वाढला, खोटं कशाला सांगू.

अशात सुनंदाचं सुरू झालं, याला उन्हात ठेवू, दवाखान्यात दाखवू. म्हटलं, तुझ्या बापाच्या भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात कासवं होती का? नाही म्हणाली. मग गप बैस म्हटलं. घट बसले होते. नवरात्रात देवापुढचं कासव गुरांच्या दवाखान्यात नेलं तर भडगावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

अष्टमीला घरात पंधरा-वीस बाया होत्या. आरती संपली आणि कासवानं मान लांब काढून तोंड उघडलं. शिट्टीसारखा आवाज आला. नाकाशी पाण्याचा बुडबुडा.

“अक्का, देव बोलना,” यशोदाबाईनं हात जोडले. बाकीच्याही वाकल्या.

माझी छाती घटकाभर फुगली. मग सुनंदाच्या तोंडाकडे लक्ष गेलं. ते तोंड मी आधी एकदा बघितलं होतं. नवी नवरी होती तेव्हा. ओट्यावर बसलेल्या नानांकडे बघून म्हणाली होती, “आत्याबाई, नानांचे डोळे पिवळे दिसतात.” मी म्हटलं होतं, तुझ्या माहेरच्यांचे डोळे बघ. नाना तेव्हा रोज ताटात अर्धी भाकर ठेवत होते. मी त्याला म्हातारपणाचे चोचले म्हणत होते.

बायांसमोर मी खाली बसले आणि कासव उचललं. नानांच्या उपरण्यात गुंडाळलं. “चाल,” सुनंदाला म्हटलं.

दवाखान्यात म्हशींची रांग होती. आमच्या गल्लीतला झुलाल आपल्या पारडीची दोरी धरून उभा. “काय अक्का, कासव गाभण शे का?”

“नही रे भाऊ. डॉक्टर पहिले ढोरेसले दखतस. तू पुढे व्हय.”

डॉक्टर जवान होता. काय खातं, कुठं राहतं, विचारलं. मी सगळं सांगितलं, परात, पाणी, दूधभात, खोबरेल. बैजवार, अभिमानानं सांगितलं. एकेका गोष्टीला त्याचा चेहरा उतरत गेला.

“बाई, हे पाण्यातलं कासव नाही. कोरड्या माळावरचं आहे. ओलाव्यात त्याची छाती भरलीय. ऊन नाही म्हणून कवच मऊ पडलं. दूध, भात त्याचं खाणं नाही, त्याला पाला लागतो. किती दिवस झाले असं होऊन?”

मला सांगता येईना. सुनंदा म्हणाली, “खाणं सुटलं सर्वपित्रीच्या दिवशी. घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी डावा डोळा चिकटला, चौथ्या माळेला उजवा. नाक परवापासून. शिट्टी आजच.”

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला. मग कासवाला सुई टोचली, डोळे कोमट पाण्यानं पुसून दाखवले. म्हणाला, “कोरडं ठेवा. सकाळचं ऊन द्या, पण बाजूला सावली असू द्या. डोळा चिकटला तेव्हाच आणलं असतं तर...” आणि पेनाला टोपण लावलं.

सगळं केलं. निवडुंगाजवळ पोतं अंथरलं, वर टोपलीची सावली केली. डोळे सुनंदा पुसायची, मी वाटी धरायची. चौथ्या दिवशी ते निवडुंगाकडे चार पावलं चाललं. मी यशोदाबाईला कुंपणावरून हाक मारून दाखवलं. सहाव्या दिवशी सकाळी मान बाहेर होती, ती बाहेरच राहिली.

माझ्या पोरानं, चुडामणनं, तिथंच खड्डा केला. बाया हळदकुंकू घेऊन आल्या. मी फाटकातूनच परत पाठवल्या.

सुनंदा मोरीवर परात घासत होती. घासून लख्ख झाली तरी घासतच होती. “मी अजून हट्ट धरायला पाहिजे होता,” म्हणाली. नाक ओढत होती.

मी तिच्या हातातून परात घेतली आणि अंगणात उन्हात पालथी घातली. मग तिच्यासमोर उभी राहिले.

“आयक सुनंदा. तुनी चूक एकच. मी नही म्हनं अन् तू आयकं. नानानी येळले बी, आते बी. पुढे मनं आयकू नको.”