चौदा महिन्यांची गैरहजेरी

माझे वडील लढाईनंतर चौदा महिने शत्रूच्या छावणीत कैदेत होते. त्यांच्या सेवापुस्तकात मात्र त्या चौदा महिन्यांपुढे "विनापरवानगी गैरहजर" असं लिहिलेलं होतं. साध्या भाषेत सांगायचं तर पळपुटा. ते दोन शब्द खोडून घ्यायला मी एकोणीस अर्ज केले आणि एकोणीस वेळा माझ्या तोंडाला पानं पुसली गेली.

अर्ज लिहिणं हाच माझा धंदा. लष्कराच्या नोंद कार्यालयासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे, आठ फूट बाय सहा. एक संगणक, एक प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. निवृत्तीचे, बदलीचे, हरवलेल्या ओळखपत्राचे, सगळ्यांचे अर्ज मी लिहून देते. हिने अर्ज लिहिला की काम होतं, असं बाहेर म्हणतात. घरचं एवढं एक काम मात्र काही केल्या होत नव्हतं. उत्तर ठरलेलं असायचं, "कैद्यांच्या अधिकृत यादीत आपल्या वडिलांचे नाव आढळून येत नाही." पाकीट फोडायच्या आधीच मी ते म्हणून दाखवायचे.

बाबा सिग्नलमध्ये होते, बिनतारी यंत्रावर. रिकामे बसले की त्यांची बोटं टेबलावर वाजत राहायची, म्हणून गल्लीत त्यांना टकटकमास्तर म्हणायचे. हे तोंडावर. पाठीमागे काय म्हणायचे ते मला शाळेत कळलं. एका मुलीने भर वर्गात विचारलं, "तुझे बाबा लढाई सोडून पळाले होते ना?" मी तिच्या दप्तरात शाईची अख्खी दौत ओतली आणि आठ दिवस वर्गाबाहेर उभी राहिले. आईला शाई ओतता येत नव्हती. ती वाण्याच्या दुकानात शिरली की बायका एकदम डाळ-तांदळाच्या भावांबद्दल बोलायला लागायच्या. तीस वर्षं तिने हे मूग गिळून सोसलं. सहा वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हाही दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, "तेवढं खोडून घे गं."

बाबा अर्जांवर न वाचता सही करायचे. मी कागद पुढे केला की चष्मासुद्धा लावायचे नाहीत. मला वाटायचं, कंटाळले असतील. माणूस किती वेळा दगडावर डोकं आपटेल?

गेल्या वर्षी त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, सहा महिने, फार तर आठ. मी तडक विसावा अर्ज लिहायला घेतला आणि त्यांच्या पलंगाशी बसून विचारलं, "बाबा, यादीत तुमचं नाव नाही, असं कसं होईल? छावणीत शिरताना नाव विचारलं असेल की नाही?"

"विचारलं ना."

"मग?"

"मी माझं सांगितलं नाही."

बाबा छताकडे बघत बोलले, थांबत थांबत, मधे मधे ऑक्सिजन घेत. सिग्नलवाल्यांचा एक अलिखित नियम होता, कुठल्या पुस्तकात नसलेला. पकडले गेलात तर म्हणायचं, मी आचारी. सिग्नलवाला सापडला की सांकेतिक शब्दांसाठी त्याची नखं उपटायचे. आचाऱ्याला कोण काय विचारणार? बाबा पकडले गेले त्याच दिवशी त्यांच्या तुकडीचा आचारी लढाईत मारला गेला होता. बाबांनी त्याच्या गळ्यातला ओळखीचा बिल्ला काढून स्वतःच्या गळ्यात घातला, स्वतःचा चिखलात पुरला आणि त्याचं नाव, त्याचा नंबर घेऊन छावणीत शिरले.

"मग सुटल्यावर खरं का नाही सांगितलं?"

"त्याच्या बायकोचं पत्र आलं ना छावणीत."

यादी बाहेर गेली होती. आचारी जिवंत आहे, कैदेत आहे, असं त्याच्या घरी कळलं होतं. त्याला लिहिता येत नसे. तुकडीत असतानाही त्याची पत्रं बाबाच लिहून द्यायचे, त्यामुळे घरचं सगळं त्यांना ठाऊक होतं. बायकोचा गुडघा, गळकं छप्पर, सासऱ्याचा तिरसट स्वभाव. उत्तर गेलं नसतं तर पत्रं तपासणाऱ्याला संशय आला असता. म्हणून बाबांनी उत्तर लिहिलं, तिचा नवरा होऊन. एक नाही, चार कार्डं.

"सुटलो तेव्हा स्टेशनावर ती उभी होती," बाबा म्हणाले. "हातात पाटी, पाटीवर त्याचं नाव. उतरणाऱ्या प्रत्येकाला मी लिहिलेलं कार्ड दाखवत होती. मी दुसऱ्या दाराने उतरलो. तिथल्या अधिकाऱ्याला माझं खरं नाव सांगितलं. तो म्हणाला, यादीत नाहीस. मी म्हटलं, नसेन."

आचारी परतला नाही, म्हणून नंतर त्याच्या नावापुढे "कैदेत मृत्यू" असं लागलं. बाबांच्या पुढे काय लागलं ते सांगितलंच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मी लपवणार नाही. मरणाच्या दारातल्या माणसावर मी ओरडले. एका परक्या बाईला वाईट वाटू नये म्हणून माझ्या आईने तीस वर्षं खाली मान घालून चालायचं? आणि मी एकोणीस अर्ज? निदान मला तरी सांगायचं होतं!

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस," बाबा म्हणाले. "ती आहे तोवर नको. माझ्यासाठी एवढं कर."

मी केलं नाही.

आचाऱ्याच्या गावाचं नाव नोंद कार्यालयातूनच मिळालं. तिथल्या कारकुनाचे कितीतरी अर्ज मी फुकट टाइप करून दिलेत. बसने पाच तास लागले. बाई एकटीच राहत होती, दोन खोल्या, स्वच्छ, भांडी आकाराप्रमाणे लावलेली. वय सत्तरीच्या पुढे, चालताना गुडघा धरायची. मी युद्धकैद्यांची माहिती गोळा करते, असं मी बिनदिक्कत ठोकून दिलं. तिने मला चहा दिला आणि न मागता कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली.

चार छापील कार्डं. बाबांचं अक्षर. 'र' ला ती उगाच मारलेली शेपटी मी आयुष्यभर किराणाच्या यादीत बघत आले होते. एका कार्डात लिहिलं होतं, गुडघ्याला शेक घे, आळस करू नकोस. दुसऱ्यात, छपराचं काम दिराला सांग, सासऱ्यांना नको, ते उगाच चिडतील. माझ्या बाबांनी आईला इतकं मायेनं कधी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नव्हतं. मला हेवा वाटला, त्या बाईचा, तिच्याच घरात बसून.

"स्वभाव मऊ झाला होता त्यांचा तिकडे," ती म्हणाली. "आधी फार तडकू होते. नेतेस? ने. पण परत पाठव हं पोरी. माझ्याकडे दुसरं काही नाही."

परत येऊन मी विसावा अर्ज लिहिला. सोबत कार्डांच्या प्रती जोडल्या आणि बाबांच्या जुन्या संदेशवहीतली दोन पानं, अक्षर ताडून बघायला. शिवाय आचारी लढाईतच मारला गेला, त्याचा बिल्ला आणि नाव मी घेतलं, असं बाबांचं निवेदन. ते मीच लिहिलं. संध्याकाळी औषधाच्या कागदांबरोबर त्यांच्या पुढे धरलं. त्यांनी नेहमीप्रमाणे चष्मा लावला नाही. मूळ कार्डं मी दुकानाच्या पाकिटात घालून रजिस्टर पोस्टाने बाईला परत पाठवली.

चार महिन्यांनी पत्र आलं. "सदर कालावधी युद्धकैदी म्हणून धरण्यात येत आहे." मी दुकानातच ढसाढसा रडले. झेरॉक्सला आलेला एक सुभेदार घाबरून निघून गेला. घरी जाऊन मी बाबांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, त्यांचे डोळे भरून येतील.

"पुरावा कुठून आणलास?" त्यांनी विचारलं.

मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. नंतरचे सात आठवडे ते माझ्याशी पाणी, गोळी, दिवा बंद कर, एवढंच बोलले. टेबलावरची टकटकही थांबली. मी स्वतःची समजूत घालत होते, आजारी माणूस आहे, थकला आहे. ते गेले तेव्हा कार्यालयाने माणसं पाठवली. झेंडा आला, बिगुल वाजला, गल्लीतले झाडून सगळे हात जोडून उभे राहिले. आईच्या वाटणीची मान वर करून मी सगळ्यांकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

अकराव्या दिवशी मी दुकान उघडलं. दुपारी दारात ती बाई उभी. एका हातात माझ्या दुकानाचं पाकीट, त्यावरचा पत्ता विचारत विचारत आलेली. दुसऱ्या हातात सरकारी पत्र. पाच तासांच्या बसने तिचा गुडघा सुजला होता. मी तिला स्टुलावर बसवलं आणि पत्र वाचलं. मजकूर मी ओळखला, त्यातली अर्धी वाक्यं माझी होती. तिच्या नवऱ्याच्या नोंदीत दुरुस्ती केली होती. "कैदेत मृत्यू" खोडून "रणभूमीवर मृत्यू", तारीख लढाईतल्या त्या दिवसाची. खाली होतं, "मृताचा बिल्ला व नाव वापरून कार्डे अन्य व्यक्तीने लिहिल्याचे निष्पन्न झाले आहे."

"तू अर्ज लिहितेस ना?" ती म्हणाली. "मला एक लिहून दे."

मला वाटलं, ही आता भांडणार. म्हणणार, हे खोटं आहे, माझा नवरा जिवंत होता, माझ्याकडे पत्रं आहेत. मग हिलाही एकोणीस वेळा तेच उत्तर येईल. मी मान खाली घालून नवं पान उघडलं.

"विषय काय घालू, मावशी?"

"विषय मला नाही माहीत. एवढंच लिही, की ज्या माणसाने ती कार्डं लिहिली, त्याचा पत्ता द्यावा." ती दम घेऊन पुढे म्हणाली, "माझं भांडण नाही म्हणावं. चार दिवस मी खूप शिव्या घातल्या त्याला. मग मनात आलं, ह्यांच्या गळ्यातला बिल्ला त्याने काढला, म्हणजे तो अगदी जवळ होता. आजवर मी समजत होते, हे आजाराने गेले, अंथरुणात. आता मला काहीच माहीत नाही. फार वेळ लागला का, काही बोलले का, कुणी पाणी दिलं का. त्याने पाहिलं असेल. एवढं विचारायचं आहे, मग मी जाईन."

मी कीबोर्डवरून हात काढले. आता मात्र खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "तो माणूस माझे वडील. अकरा दिवस झाले, ते गेले."

मी तिच्या शिव्यांची वाट बघत होते, मला त्या हव्या होत्या. तिने पुढे होऊन माझ्या मनगटावर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली.

"मग तुला तर सांगितलं असेल ना त्यांनी," ती म्हणाली. "तू मुलगी त्यांची."

बाबांनी सांगायला घेतलं होतं. त्या दिवशी पलंगावर, कार्डांचं सांगता सांगता ते परत बिल्ल्यावर आले होते आणि म्हणाले होते, "तो लगेच नाही गेला गं. माझ्या मांडीवर..." आणि मीच त्यांना तोडलं होतं. ते राहू द्या बाबा, असं म्हटलं होतं मी, कार्डं कुणाकडे आहेत ते सांगा.