तिसरी खोली

प्रदर्शनात चार वेदांच्या चार खोल्या होत्या. पहिली ऋग्वेदाची, तिथे देवांची स्तुती. दुसरी यजुर्वेदाची, म्हणजे यज्ञात हाताने काय करायचं आणि करताना तोंडाने काय म्हणायचं. चौथी अथर्ववेदाची, ताप, भीती, घर, संसार सगळं तिच्यात. आणि तिसरी सामवेदाची. तिच्यात आत्याचं गाणं वाजणार होतं.

आत्या ते वडिलांकडून शिकली, पण दार लावून. मुलीच्या जातीने चारचौघांत साम गायचं नाही, हा त्यांचा दंडक. वडील गेले, आत्याची सत्तरी उलटली, तरी गाणं घरातच. शेवटी भाचीने, जी प्रदर्शनाचं ध्वनिमुद्रण सांभाळत होती, तिला हट्टाने माइकसमोर बसवलं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी संचालकांनी तिसरी खोलीच रद्द केली. संगणकाने मजकूर ताडून पाहिले, तर सामवेदातल्या बहुतेक ऋचा ऋग्वेदातल्याच निघाल्या.

"एकच गोष्ट दोनदा कशाला दाखवायची?" ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण एकदा संगणकाने सांगितलं, की ब्रह्मदेव आला तरी त्यांचं मत बदलत नसे.

भाचीचा चेहरा पडला. आत्या शेजारीच उभी होती. आयुष्यात एकदा लोक आपल्याला ऐकणार होते, तेही गेलं. मग तिला राग आला, आणि तो बरा आला.

"साहेब, पहिल्या खोलीतली ही ऋचा मोठ्याने वाचा बरं."

त्यांनी खणखणीत वाचली. लगेच संपली.

"आता हीच गाते."

पहिला सूर चिरकला. दुसरा लागला. मग एकेक अक्षर लांबलं, वळलं, मध्येच 'हाउ, हाउ' असं काहीतरी आलं, ज्याला अर्थ नाही, नुसता सूर. सुतारांची ठोकाठोक थांबली. दिवे लावणारा शिडीवरच बसून राहिला.

"अंगाई वाचून दाखवली तर पोर झोपतं का हो?" गाणं संपल्यावर आत्याने विचारलं. "शब्द तेच. काम वेगळं."

संचालक हसले. "खोली राहील, आत्या. पण उद्या मुद्रित केलेलं नको. तुम्हीच गा."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. आत्या उभी राहून, मान ताठ ठेवून गायली. तिला कुणाचीच भीती वाटली नाही, वडिलांचीसुद्धा.