ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

डेल्मरने पिकअपची पुढची चाकं पंपावरच्या वजनकाट्याच्या पहिल्या पत्र्यावर, मागची दुसऱ्यावर आणि फिरत्या घराच्या ट्रेलरची तिसऱ्यावर अशी बेताने आणून उभी केली, आणि खिडकीतून हात काढून बटण दाबलं.

"झालं वजन. आत येऊन कागद घेऊन जा, काका," भोंग्यातून काट्यावरच्या मार्वाचा आवाज आला.

तो आत गेला. त्याची बायको आर्लिस पर्स मांडीवर घट्ट धरून गाडीतच बसून राहिली. अडुसष्टाव्या वर्षी बाई पहिल्यांदा समुद्र बघायला निघाली होती. साउथ डकोटातून थेट ओरेगॉन, मधे डोंगर. पण डेल्मरने घरीच बजावलं होतं, काट्याने नाही म्हटलं तर तिथूनच माघारी. ट्रेलर विकायचा आणि विषय बंद. धान्याचे ट्रक चालवण्यात त्याचा जन्म गेला होता आणि उतारावर ब्रेक पेटलेला ट्रक त्याने डोळ्यांनी पाहिला होता. थोडंफार चालवून घेऊ, हे त्याच्यापाशी चालायचं नाही.

ट्रेलर विकणारा पोरगा म्हणाला होता, "काका, ही गाडी डोंगर ओढील, डोंगर!" खोटं नव्हतं ते. पण ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. हा ट्रेलर मागे नुसता लटकत नाही, पिकअपच्या पाठीवर मान टाकून चालतो. ती पाठ किती पेलणार ते दारातल्या पट्टीवर छापलेलं असतं, आणि आमच्याकडे ती पट्टी वाचतो कोण? डेल्मरने वाचली, आणि मग आर्लिसच्या सामानाला कात्री लागली. बिडाचा तवा गेला, शिलाई मशीन गेलं, चोकचेरीच्या जॅमच्या बरण्या गेल्या. शेवटी त्याने तिच्या अकॉर्डियनकडे बोट दाखवलं, तेव्हा ती आतल्या खोलीत निघून गेली होती.

डेल्मर कागद घेऊन परत आला. दार उघडलं, पण वर चढला नाही.

"पिकअपवर तीनशे पौंड जास्त आहेत."

आर्लिसने मनात म्हटलं, संपलं. समुद्र गेला.

"माझंच चुकलं रे," ती म्हणाली. "अकॉर्डियन आत आहे. पलंगाखाली, पांघरुणांत गुंडाळलंय."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"अगं, पांघरुणं कधी एवढी जड असतात का? चोरी करायची तर नीट करावी माणसाने. मी त्याच्या बदल्यात माझी मासे धरायच्या सामानाची पेटी शेजारच्या टॉर्व्हालकडे ठेवून आलो."

आर्लिस बघतच राहिली. त्या पेटीला तो शेजाऱ्याच्या नातवांनासुद्धा हात लावू द्यायचा नाही.

"मग तीनशे कशाचे? बाजा तर पंचवीसचा."

डेल्मर मान खाजवू लागला. त्याचं हे मान खाजवणं तिला लग्नापासून ठाऊक होतं.

"काय भरलंयस आत?"

"पाणी."

"किती?"

"टाकी भरून. आपल्या विहिरीचं."

त्या कोरड्या मुलखात पाणी भरून घेणं म्हणजे निघताना दार ओढून घेण्यासारखंच. त्याचं कोणी वजन करत नाही. डेल्मरनेही केलं नव्हतं, आणि टाकी नेमकी ट्रेलरच्या मानेखाली होती.

"अरे, तिकडे काय नळ नाहीत?"

"आहेत की. पण दुसऱ्या पाण्याची कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, असं तूच म्हणतेस ना? म्हटलं, समुद्र बघताना तरी बाईच्या हातात बरी कॉफी असावी."

आर्लिस खो खो हसत सुटली.

"माझा तवा काढलास! जॅम काढलास! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, होय रे?"

गाडी त्यांनी बाजूला घेतली, मार्वाच्या सुकत चाललेल्या फुलझाडांपाशी. कॉफीपुरता एक कॅन भरून घेतला आणि मग टाकीची चावी सोडून दिली. पाणी जाईपर्यंत नुसतं बसून काय करायचं? आर्लिसने पलंगाखालून अकॉर्डियन ओढलं आणि पायरीवर बसून पोल्काची नाचरी धून सुरू केली. डिझेल भरणारे दोन ड्रायव्हर ठेका धरू लागले. मार्वा हातातलं काम टाकून दारात आली.

"काकू, झाडांना पाणी आणि आम्हाला गाणं! रोज येत जा!"

डेल्मर मात्र पिकअपचं बसलेलं बूड बघत होता. वाजता वाजता ते हळूहळू वर आलं. मग त्याचाही पाय हलू लागला.

दुसऱ्यांदा काट्यावर चढले तेव्हा वजन बसलं, वर थोडी जागासुद्धा उरली. डेल्मरने कागद दोनदा वाचला आणि भर पंपावर बायकोच्या गालाचा मुका घेतला.

महामार्गाच्या तोंडाशी त्याने डावीकडे वळायचा दिवा लावला.

"उजवीकडे घे," आर्लिस म्हणाली.

"ओरेगॉन डावीकडे आहे, बाई."

"आणि टॉर्व्हाल उजवीकडे. जागा उरलीये ना? तुझी पेटी घेऊन येऊ."

"अगं, अकरा मैल मागे जायचं? आज पहिलाच दिवस, आणि एवढं धूड वळवून?"

"मग काय झालं? समुद्र कुठं पळून चाललाय?"

डेल्मरने तिच्याकडे पाहिलं, आणि उजवीकडचा दिवा लावला.